दार उघडं ठेवल्याबद्दल, गार्सिया रोब्लेस साहेब

आदरणीय आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस साहेब,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. तुम्ही १९९१ मध्येच गेलात. तरी लिहितोय, कारण परवा चार माणसांत कुणीतरी हसत विचारलं, "अण्वस्त्रमुक्त टापू? असं कुठे झालंय का कधी?" आणि या विषयावर इतकी वर्षं वाचणारा मी ऐनवेळी गप्प बसलो. घरी येऊन लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन टापू अण्वस्त्रमुक्त ठेवणारा तुमचा त्लातेलोल्को करार काढला. रात्री कलम २८ पाशी आलो आणि घसा दाटून आला. कराराच्या कलमानं कुणाला गहिवरून येतं का! मला आलं.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून दोन महासत्ता एकमेकींवर डोळे वटारून उभ्या होत्या, तेव्हा आसपासच्या देशांना विचारतंय कोण? जळाली असती मात्र त्यांचीही घरं. त्याच्या पाच वर्षं आधी पोलंडचे परराष्ट्रमंत्री रापात्स्की यांनी मध्य युरोप अण्वस्त्रमुक्त करायची योजना मांडली होती. शांततेवर भाषणं ठोकणाऱ्या थोरामोठ्यांनीच ती बासनात गुंडाळली.

तुम्ही, मेक्सिकोचे मुत्सद्दी, मेक्सिकोत बसून धाकट्या देशांची मोट बांधलीत आणि १४ फेब्रुवारी १९६७ ला सह्या घेतल्यात. (पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीतल्या त्याच त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे विसरलेलो नाही. आभार तुमचे मानतोय, तुमच्या सरकारचे नव्हे.)

पण मी अडकलोय तो कलम २८ मध्येच. ब्राझीलचं म्हणणं होतं, टापूतले सगळे देश येऊ देत, अण्वस्त्रधारी देशही हमी देऊ देत, मगच करार लागू व्हावा. मेक्सिकोला थांबायचं नव्हतं. कलमाच्या पहिल्या भागात या सगळ्या अटी आहेत. दुसऱ्या भागात एवढंच, की ज्याला वाटेल त्यानं आपल्यापुरत्या त्या सोडून द्याव्यात. झालं! जे तयार होते त्यांच्यासाठी १९६९ मध्ये करार सुरूही झाला. ब्राझीलनं मान्यता दिली, पण अटी सोडल्या नाहीत. अर्जेंटिनानं सही केली आणि मान्यतेला सव्वीस वर्षं लावली. दोघांचेही अणुकार्यक्रम चालू, दोघांना एकमेकांचा संशय. तरी त्यांना कुणी दाराबाहेर काढलं नाही, आणि त्यांच्यासाठी बाकीचे खोळंबूनही राहिले नाहीत.

१९८२ चं शांततेचं नोबेल तुम्हाला आणि स्वीडनच्या आल्वा मिर्दाल यांना मिळून मिळालं, त्याचं अप्रूप आहेच. पण खरं फळ तुम्ही गेल्यावर आलं. १९९४ मध्ये अर्जेंटिना, चिले आणि ब्राझील तिघेही करारात पुरते आले. शेवटचा क्यूबा. त्यानं मान्यता दिली २३ ऑक्टोबर २००२ रोजी, त्या भयंकर ऑक्टोबरनंतर चाळीस वर्षांनी. तेहेतीसच्या तेहेतीस देश झाले.

तुमच्या भागात कुणाकडे बाँब नव्हता, म्हणून जमलं, असं लोक म्हणतात. थोडं खरंही आहे. पश्चिम आशियासाठी इराण आणि इजिप्तनं १९७४ मध्ये हाच विषय काढला, २०१२ ची हेलसिंकी परिषद ठरूनही भरली नाही, आणि तिथलं भय निराळं आहे हे मला कळतं. पण 'सगळे आले तरच' म्हणून हात बांधून बसणाऱ्यांची चीड येते ती येतेच. उशिरा येणाऱ्याला न हिणवता त्याची जागा राखून ठेवणं ही साधी माणुसकी. ती घरात दिसत नाही, आणि तुम्ही ती आंतरराष्ट्रीय करारात लिहून ठेवलीत!

परवाचे ते गृहस्थ पुन्हा भेटतील. या वेळी गप्प बसणार नाही. फक्त ती क्यूबाची तारीख सांगेन.

आपला ऋणी,
एक वाचक