आईच्या माहेरचा शेवगा

पुणे,
१४ एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर शेवगा छाटायचा विषय काढला की बाबा "बघूया मगे" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले.

रविवारी आई बोलता बोलता म्हणाली, की बाबांनी स्टुलावर उभं राहून आकडीने शेंगा काढल्या. बाबा, तुमचं वय ७४ आणि तो शेवगा पडवीच्या कौलांच्याही वर गेलेला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आंब्यावर, पेरूवर चढू दिलंत, शेवग्यावर मात्र कधी पाय ठेवू दिला नाहीत. आकडीने ओढलेली फांदी अंगावर यायला कितीसा वेळ लागतो?

तुम्ही झाडाला कोयती का लावू देत नाही, ते मला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आईने वेंगुर्ल्याहून माहेरच्या शेवग्याची फांदी आणली, ती हीच. तिकडचं मूळ झाड केव्हाच पडलं, घरही विकलं गेलं. आई कधी काही बोलली नाही, पण तुम्ही ते जपत आलात. म्हणूनच सांगते, शेवगा छाटल्याने मरत नाही. न छाटल्याने मात्र तो नुसता उंच होतो, शेंगा शेंड्याला जातात आणि पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या वाऱ्यात फांद्या मोडतात.

माझ्या परसातल्या दोन झाडांवर मी हे शिकले. बी पीकेएम-१ चं, तमिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या संशोधन केंद्रातून आलेलं वाण. आधी एक रोप मी रोज पाणी घालून घालवलं. पानं पिवळी पडली, मुळं कुजली. शेवग्याला पाणी साचलेलं अजिबात सोसत नाही. पुढची दोन जगली. ती अडीच फुटांची झाल्यावर शेंडा खुडला, तेव्हा हात थरथरत होता. पंधरा दिवसांत बाजूने फुटवे आले. ते वाढले की त्यांचेही शेंडे खुडले. जितके फुटवे, तितकी फुलोऱ्याची जागा. आठव्या महिन्यात जमिनीवर उभी राहून हाताने शेंगा काढल्या. पहिला हंगाम संपल्यावर दोन्ही झाडं तीन फुटांवर कापली, तीही पुन्हा फुटली.

आपलं झाड जुनं, खोड जाड, म्हणून ते छातीइतक्या उंचीवर कापायचं. यंदाच्या शेंगा संपल्या की लगेच, पावसाच्या आत. आधी वरच्या फांद्या उतरवायच्या आणि प्रत्येक जड फांदीला दोर बांधून ती अंगणाच्या बाजूला ओढायची, नाहीतर पडवीची कौलं जातील. करवत आधी खालून थोडी चालवायची, मग वरून. तसं केलं नाही तर फांदी खाली जाताना खोडाची साल सोलून नेते. काप तिरका हवा, म्हणजे आपल्याकडच्या पावसाचं पाणी त्यावर थांबणार नाही. कापावर बोर्डो पेस्ट लावायची: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे. बादली प्लॅस्टिकचीच घ्या, लोखंडाची नको.

मग भराभर कोंब येतील. सगळे ठेवायचे नाहीत. चारी दिशांना जाणारे चार-पाच जोमदार ठेवून बाकीचे कोवळे असतानाच खुडा. आई, त्यांची भाजी होते. गेल्या पावसाळ्यात खोडावरच्या केसाळ सुरवंटांनी बाबांच्या मानेला गांधी आल्या होत्या. झाड बुटकं असलं की त्यांचे पुंजके वेळीच दिसतात, डोक्यावर पडत नाहीत.

आणि आई, उतरवलेल्या फांद्या चुलीसाठी तोडू देऊ नकोस. मनगटाएवढ्या जाड, तीन-तीन फुटांच्या चार निवडून ठेव. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून त्यातल्या दोन विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी तुंबत नाही तिथे, फूटभर खोल लावायच्या. खालचं टोक खालीच राहू दे, उलटं नको. उरलेल्या दोन मी पुण्याला आणणार. माझ्या झाडांना शेंगा भरपूर लागतात, पण वेंगुर्ल्याच्या पाल्याची चव त्यांना नाही.

मी ३ मे ला सकाळी पोचते, चार दिवस राहीन. करवत आणि दोर मीच आणते. कापायला वाडीतला माणूस बोलवू. बाबा, तुम्ही खुर्ची टाकून कुठे कापायचं ते सांगा, कारण त्या झाडाची नजर तुमच्याइतकी कुणाला नाही. तोपर्यंत स्टूल माळ्यावर टाका. वरच्या शेंगा जून झाल्या तरी चालतील.

मे मध्ये कापलं तर गोकुळाष्टमीपर्यंत पाला हाताशी येईल. आई, या वर्षी त्याच पाल्याची, आपल्या शेगलाची भाजी तू स्वतः खुडून कर. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाराला मी येतेच आहे.

तुमची लेक