बेसॉल्टच्या खालचा महाराष्ट्र

महोदय,

महाराष्ट्राच्या भूरचनेवरील लेख बहुधा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून सुरू होतात आणि बेसॉल्टपाशीच थांबतात. मी स्वतः भूगोल शिकवताना फळ्यावर काळ्या पाषाणाचे थर काढून खालची जागा रिकामी सोडत असे, तेव्हा दोष इतरांना देत नाही. पण ती जागा रिकामी नाही. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात ३३८ मीटर बेसॉल्ट आणि जेमतेम आठ मीटर गाळाचे खडक संपताच अडीचशे कोटी वर्षांहून जुना पाया लागला. कोयनेजवळ गोठणे येथे तर सव्वा किलोमीटर बेसॉल्टखाली मधला गाळही नाही, थेट ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म, म्हणजे उष्णता व दाबाने रूपांतरित झालेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक (नाइस).

विंधनविवराशिवाय हा पट्टिताश्म पाहायचा तर बंगळुरूच्या लालबागेतल्या कातळावर वाकून पाहावे. गार (क्वार्ट्झ) आणि फेल्डस्पार या खनिजांच्या पांढुरक्या पट्ट्यांमधून अभ्रकाच्या काळ्या रेघा जातात. कुठे लुगड्याच्या निऱ्यांसारख्या दुमडलेल्या, कुठे मध्येच तुटलेल्या. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यातील आमगावचे नावच अशा पट्टिताश्मांच्या समूहाला मिळाले आहे.

हा पाया एका दमात तयार झालेला नाही. दख्खनच्या लाव्हाच्या फार पूर्वीचा, पाणी मुरलेला बेसॉल्ट खोलवर अंशतः वितळला की त्यातून हलका, सोडियमयुक्त शिलारस निघतो. तो थिजून झालेले कवच प्रावरणात, म्हणजे खालच्या जड थरात, सहजी बुडत नाही, म्हणून टिकते. कर्नाटक आणि भोवतालच्या प्रदेशाखालच्या प्राचीन धारवाड भूखंडात असे कवच ३४० कोटी वर्षांपूर्वीपासून टप्प्याटप्प्याने साचत गेले आणि सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी ग्रॅनाइटच्या मोठ्या घुसखोरीनंतर ते स्थिरावले. हे वितळणे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकल्याने झाले, की त्या काळच्या जाड बेसॉल्टी पठाराच्या तळाशीच, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. माझ्या मते दोन्ही प्रकार वेगवेगळ्या काळी घडले असावेत. सुमारे शंभर कोटी वर्षांच्या घडामोडींना एकच साचा लावणे मला पटत नाही.

किल्लारी आणि कोयना येथील भूकंपांचा उगम बेसॉल्टमध्ये नव्हे, त्याखालच्या या जुन्या कवचात आहे. तेव्हा भूकंपाच्या बातमीसोबत आपण जे छेदचित्र छापता, त्यात बेसॉल्टखाली पट्टिताश्माचा थर दाखवून त्याचे वयही लिहावे, ही विनंती.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक, मिरज