विश्वासाचा आकडा वाचणाऱ्याच्या हातात हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांवरच्या खोट्या खात्यांविषयीचा आपला अग्रलेख वाचला. दुखणं तुम्ही अचूक ओळखलं आहे, पण उपाय मला पटला नाही. प्रत्येक खात्याला सिबिलसारखे विश्वासार्हतेचे गुण द्यावेत, ते सर्वांना दिसावेत आणि कमी गुणांच्या खात्यांचं लिखाण मागे पडावं, असं तुम्ही सुचवलं आहे. मी 32 वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीचशी खाती उघडण्याच्या काउंटरवर आणि कर्ज विभागात गेली, म्हणून हे पत्र.

सिबिलचा आकडा 300 ते 900 च्या दरम्यान असतो आणि तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हा माणूस हप्ते वेळेवर भरतो का? तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे. माणसाच्या बोलण्यावरचा विश्वास असा एका आकड्यात मावत नाही. माझा भाचा संगणकाबद्दल सांगेल ते मी डोळे झाकून ऐकते, पण काढ्यांबद्दलचं त्याचं बोलणं मनावर घेत नाही. माझ्या जावेच्या बाबतीत नेमकं उलट. मग भाच्याला गुण किती द्यायचे? आणि ते द्यायचे कुणी?

कंपनीने द्यायचे म्हटलं तर काय होतं ते आपण पाहिलं आहे. ट्विटरची निळी खूण आधी ओळख तपासून मिळायची. नोव्हेंबर 2022 मध्ये ती महिना 8 डॉलरला विकायला काढली, आणि थोड्याच दिवसांत एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कुणीतरी निळ्या खुणेचं खातं उघडून ‘इन्सुलिन आता मोफत’ असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. खूण तीच होती, तिचा अर्थ मात्र एका रात्रीत बदलला, आणि तो बदलताना वाचणाऱ्याला कुणी विचारलं नाही. सरकारने द्यायचे म्हटलं तर त्याहून अवघड. सरकारवर टीका करणाऱ्याचे गुण किती राहतील, याची खात्री कोण देईल?

आधार-पॅनचे दिवस येण्याआधी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख लागायची. फॉर्मवर त्याची सही आणि खाते क्रमांक. आम्ही आधी सही पडताळून पाहायचो आणि मग ओळख देणारा कोण आहे ते बघायचो. बाजारपेठेतल्या जुन्या किराणा दुकानदाराने ओळख दिली असेल तर निश्चिंत असायचो. सहा महिन्यांपूर्वी खातं उघडून आज चौथ्या माणसाला ओळख देणारा कुणी असेल तर फॉर्म साहेबांच्या टेबलावर जायचा. नव्या माणसावरचा आमचा विश्वास त्याच्यातून येत नव्हता. ज्याला आम्ही ओळखत होतो त्याच्याकडून तो पुढे सरकत होता. आणि दुकानदाराची सही आमच्या शाखेत चालायची, दुसऱ्या गावच्या शाखेत तिला काही किंमत नव्हती.

विकेंद्रित, म्हणजे कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या, समाजमाध्यमांवर आता नेमकं हेच करून पाहिलं जात आहे. कल्पना जुनी आहे. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हे संदेश गुप्त ठेवण्याचं सॉफ्टवेअर काढलं. पुढे त्यात लोक एकमेकांच्या डिजिटल किल्ल्यांना, म्हणजे ज्यावरून माणूस ओळखायचा त्या लांबलचक आकड्यांना, स्वतःची डिजिटल सही देऊन ओळख पक्की करू लागले. आज नॉस्टरसारख्या विकेंद्रित माध्यमाच्या जाळ्यावर हा हिशोब प्रत्येक वाचकासाठी वेगळा मांडता येतो. मी ज्यांना फॉलो करते त्यांना माझ्या लेखी जास्त वजन, ते ज्यांना फॉलो करतात त्यांना थोडं कमी, त्याच्या पुढच्यांना आणखी कमी. कुणी हजार खोटी खाती उघडून एकमेकांची वाहवा केली, तरी माझ्या ओळखीतल्या कुणी त्यांना जवळ केलं नसेल तर माझ्या पडद्यावर ती हजारही शून्यच राहतात. एकाच माणसाचे गुण माझ्याकडे 80 आणि तुमच्याकडे 10 असू शकतात. मी त्यांना कोकणातल्या झाडाझुडपांसाठी वाचते, तुम्हाला त्यांच्याशी घेणंदेणं नाही, तेव्हा दोन्ही आकडे बरोबरच आहेत.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही मी काउंटरवरूनच पाहिली आहे. ऊसतोडीला आलेली बाई, परगावची मोलकरीण, नुकताच शिक्षण संपवून आलेला मुलगा यांना ओळख देणारं कुणी नसायचं. पैसे खरे, माणूस खरा, तरी फॉर्म परत. किती जणांना मी स्वतः ‘कुणाची तरी सही घेऊन या’ म्हणून माघारी पाठवलं असेल, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. जनधन खाती 2014 मध्ये आली तोवर अशा कित्येकांना बँकेचं दार बंद होतं. ओळखीच्या साखळीवर चालणाऱ्या माध्यमातही हेच होणार. पहिल्यांदाच मराठीत लिहू पाहणाऱ्या मुलीला फॉलो करणारे असणार कुठून? म्हणून कमी गुण आणि ‘ओळख नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अनोळखी माणसाला अविश्वासू ठरवणं हा अन्याय आहे. माझ्या पडद्यावर दहातली एक जागा अनोळखींसाठी राखून ठेवायची सोय मला हवी. ती जागा किती असावी हे मी ठरवीन.

याहून मोठी भीती वाळीत टाकण्याची. आपल्या राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा केला, देशात पहिला. जातपंचायतींनी माणसांची पाणी-मीठ तोडून केलेली दशा आपण पाहिली होती, म्हणून केला. मॅस्टोडॉन हे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरचं मिळून बनलेलं विकेंद्रित माध्यम. त्यावर एका सर्व्हरचा चालक दुसरा अख्खा सर्व्हर बंद करू शकतो, आणि बंद करायच्या खात्यांच्या याद्या हातोहात फिरतात. छळ करणाऱ्यांपासून वाचायला त्या याद्या लागतात, विशेषतः बायकांना. मी त्यांच्या विरोधात नाही. पण कुणाच्या तरी रागातून एखादं नाव यादीत गेलं आणि शेकडो जणांनी ती यादी न वाचता लावली, तर त्याला गावकीच म्हणायचं. माझा दरवाजा मी लावणं वेगळं आणि सगळ्या गावाने एकदम दरवाजे लावणं वेगळं. विश्वास दोन-तीन हातांपर्यंत पुढे सरकला तरी चालेल. अविश्वास मात्र ज्याचा त्याच्यापाशीच थांबावा. निदान तो कुणाकडून आणि कशामुळे आला, हे एका बोटाच्या टिचकीवर दिसलं पाहिजे.

माझा आग्रह आहे तो याच ‘दिसण्या’चा. कर्ज नाकारलं की कारण लिहून द्यायची आम्हाला शिस्त होती. गुण कुठून आले, कुणाच्या शब्दावर आले, मी कुणाचं वजन कमी केलं तर पडद्यावर काय बदलेल, हे साध्या मराठीत कळायला हवं. तसंच मी कुणावर किती विश्वास ठेवते ही माझी खासगी गोष्ट आहे. नॉस्टरवर फॉलोची यादी सर्वांना उघडी असते, हे मला खटकतं. शेजारणीवरचा माझा भरवसा कमी झाला हे तिला जाळ्यावरून कळता कामा नये.

सगळं काही आजच तयार आहे असं मी म्हणत नाही. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या माध्यमाने मार्च 2024 पासून बाहेरच्या लोकांनाही लिखाणावर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावायची सोय दिली, आणि कुणाच्या चिठ्ठ्या मानायच्या हे वाचक निवडतो. पाऊल चांगलं आहे, पण तिथली बहुतेक खाती अजून त्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. मॅस्टोडॉनवर घर, म्हणजे सर्व्हर, बदललं तर अनुयायी बरोबर येतात, जुनं लिखाण येत नाही. नॉस्टरवर सगळं आपल्या हातात, पण पासवर्डसारखी असलेली गुप्त किल्ली हरवली तर ओळखच गेली. बँकेत लॉकरची किल्ली हरवली तर निदान पंचनामा करून लॉकर फोडता तरी येतो.

तरीही मी या बाजूची आहे, कारण इथे निघून जाता येतं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातले कितीतरी लोक रागाने मॅस्टोडॉनवर गेले. पण आपली जमवलेली माणसं ट्विटरवरून बरोबर नेता येत नव्हती, आणि बरेच जण काही आठवड्यांत परतले. पुढे 2024 च्या जुलैमध्ये ट्विटरसारखंच कू हे भारतीय माध्यम बंद झालं, तेव्हा तिथे मराठीत लिहिणाऱ्यांची ओळखपाळखही तिथेच संपली. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा देशभर 2011 पासून आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यासाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने केलेल्या 2018 च्या मसुद्यात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. 2023 मध्ये झालेल्या प्रत्यक्ष कायद्यात तो राहिला नाही. तुम्हाला अग्रलेख लिहायचाच असेल तर यावर लिहा. माझी विश्वासाची वही माझ्याबरोबर आली नाही, तर तिच्यातले आकडे कितीही शहाणपणाने मांडलेले असोत, मालक दुसराच राहतो.

एक विनंती तुमच्याकडूनच लगेच पुरी होण्यासारखी आहे. तुमच्या वार्ताहरांची खरी खाती कोणती, याची यादी तुमच्या संकेतस्थळावर कायमची ठेवा. ब्लूस्कायवर तर खात्याचं नाव म्हणून तुमच्याच संकेतस्थळाचा पत्ता वापरता येतो, त्यासाठी कुणाची खूण विकत घ्यावी लागत नाही. 2019 च्या पुरात धरण फुटल्याचे निरोप आमच्या गल्लीत तीन वेळा आले, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या आजींना आम्ही खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. कोयनेतून किती पाणी सोडलं हे धरणावर उभं राहून लिहिणाऱ्या तुमच्या कराडच्या वार्ताहराचं खातं मला माझ्या यादीत पहिल्या नावाला घालायचं आहे. येत्या पावसाळ्याआधी यादी मिळाली तर बरं होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कराड