आमच्या आरएसओ मॅडमना, जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

या महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय. निरोप समारंभात कुणाचे किती पेपर, किती अनुदानं, याची यादी वाचली जाते. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या (आरएसओच्या), म्हणजे किरणोत्सारापासून सगळ्यांना जपणाऱ्या माणसाच्या, कामाला त्या यादीत रकानाच नसतो, कारण हे काम चोख झालं की सांगण्यासारखं काही घडतच नाही. म्हणून हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या वेळी डीएनएचे प्रोब, म्हणजे ठरावीक जनुक शोधायला वापरायचे तुकडे, किरणोत्सर्गी फॉस्फरस-32 ने लेबल करायचो. वाशीच्या ब्रिटकडून, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ पुरवणाऱ्या सरकारी मंडळाकडून, पार्सल यायचं आणि लॅबमध्ये एकच धावपळ उडायची. अर्धायुष्य, म्हणजे निम्मा फॉस्फरस विघटित व्हायला लागणारा काळ, जेमतेम 14.3 दिवसांचा, पार्सल पडून राहिलं की पैसे वाया. सगळे घाईत आणि तुम्ही दारात उभ्या, ‘कोल्ड रन झाला का?’ विचारत. कोल्ड रन म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाशिवाय केलेली रंगीत तालीम. ती झाल्याशिवाय कुपी मिळायची नाही, मग गाइडचा फोन येवो नाहीतर संचालकांचा.

माझ्या तुकडीचा कोल्ड रन मला आजही लख्ख आठवतो. तोच ट्रे, तेच दुहेरी ग्लोव्ह्ज, बेंचवर तोच शोषक कागद, फक्त नळीत फॉस्फरसऐवजी फ्लुओरेसिन, यूव्हीखाली हिरवं चमकणारं रंगद्रव्य. काम संपल्यावर तुम्ही दिवे घालवले आणि यूव्ही दिवा फिरवला. फ्रिजच्या मुठीवर हिरवी चमक, पिपेटच्या बटणावर, एकाच्या चष्म्याच्या दांडीवर, एका पेनावर. तुम्ही कुणावर रागावला नाहीत. पेन उचलून एवढंच म्हणालात, ‘हे पेन आता कॅन्टीनमध्ये जाणार होतं.’ त्यानंतर हॉट लॅबचं, म्हणजे किरणोत्सर्गी कामाच्या खोलीचं, पेन हॉट लॅबमध्येच राहिलं.

प्रत्येक नियमाचं कारण तुम्ही सांगायचात, हे मला फार मोलाचं वाटतं. ढाल शिशाची का नको? फॉस्फरसचे जोरकस बीटा कण शिशात अडले की त्यातून क्ष-किरण निघतात, म्हणून आधी सेंटिमीटरभर जाडीचं ॲक्रिलिक. कुपी बोटांनी का धरायची नाही? अंतर नाहीसं झालं की बोटांना मिळणारी किरणोत्साराची मात्रा प्रचंड वाढते, म्हणून चिमटा. ट्रिटियमचं, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचं, काम सुरू झालं तेव्हा तर तुम्ही किरणोत्सार मोजणारा काउंटर आमच्या हातातून काढूनच घेतलात. त्याचे बीटा कण इतके दुबळे की गायगर काउंटरला त्यांचा पत्ताच लागत नाही. काउंटर गप्प आहे म्हणून बेंच स्वच्छ, असं धरून चालणारा माणूस तिथे हमखास फसतो. फिल्टर पेपरने बेंच पुसायचा, तो दुबळे बीटा कणही टिपणाऱ्या सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजायचा आणि आकडा तारखेसह वहीत उतरवायचा. शून्याच्या जवळचा असला तरीही.

एप्रिल 2010 मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 सापडलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 1985 पासून बंद पडलेलं गॅमा उपकरण लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. ते तोडताना अनेकांना बाधा झाली, एका कामगाराचा जीव गेला. ज्याला आत काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्याने किंमत मोजली. आपल्याकडे त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि थांबली. तुम्ही मात्र चाव्यांचा जुडगा घेऊन प्रत्येक विभागाचं अडगळीचं कपाट उघडत सुटलात. निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांतून युरेनिल ॲसिटेटच्या, थोरियम नायट्रेटच्या, म्हणजे युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गी क्षारांच्या, बाटल्या निघाल्या, लेबलं पिवळी पडलेली. फॉस्फरसचा कचरा तारीख टाकून ठेवला तर दहा अर्धायुष्यांत, म्हणजे साधारण 143 दिवसांत, हजारावा हिस्साही उरत नाही. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 450 कोटी वर्षांचं. त्या बाटल्या ‘आपोआप’ कुठेच जाणार नव्हत्या. त्या कुणाच्या नावावर आहेत हे लिहून ठेवणारं माणूस लागतं, आणि ते काम तुम्ही अंगावर घेतलंत.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. पीएचडीच्या मध्यावर मला दिवस गेले. ‘आता थांबलेलं बरं’ असं आडून सुचवणारे पुष्कळ भेटले. घाबरले तर मी होतेच. तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही खोलीचं दार लावलंत, चहा मागवलात आणि माझ्या बॅजच्या, म्हणजे अंगावर लावायच्या मात्रामापकाच्या, दर तिमाहीच्या नोंदी टेबलावर मांडल्यात. एकेक आकडा मला स्वतः वाचायला लावलात. फॉस्फरसचा बीटा कण शरीरात फार तर 8 मिलिमीटर शिरतो, बाहेरून तो गर्भापर्यंत पोचत नाही, मात्र श्वासातून किंवा तोंडावाटे काही आत गेलं तर गोष्ट वेगळी, हे कागदावर रेघ मारून दाखवलंत. गरोदरपण कळवल्यापासून बाळासाठी 1 मिलिसिव्हर्टची (हे मात्रेचं एकक) मर्यादा लागू होते आणि जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, हेही सांगितलंत. मग म्हणालात, ‘निर्णय तुझा. काहीही ठरव, मी गाइडशी बोलते.’

त्या आकड्यांवर मी विश्वास ठेवू शकले, कारण वर्षानुवर्षं तुम्ही एकालाही बॅज ॲप्रनसकट हॉट लॅबच्या खुंटीवर टांगू दिला नव्हता. तसा टांगलेला बॅज खोलीची मात्रा सांगतो, माणसाची नाही. ज्या शिस्तीचा आम्हाला कंटाळा यायचा, तिच्यामुळे त्या रात्री मला झोप लागली. मी लेबलिंग सोडलं, बाकीचे प्रयोग चालू ठेवले. लेबलिंग कोण करणार हे तुम्ही गाइडशी बोलून आठवड्यात ठरवलंत. माझं एकही सत्र बुडलं नाही. मुलगी सुखरूप झाली. तिच्या बारशाला तुम्ही आलात, पण हे सगळं तेव्हा माझ्याच्याने बोलवलं नाही.

आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. पुष्कळसं काम किरणोत्सर्गी लेबलांऐवजी चमकणाऱ्या रंगद्रव्यांवर गेलंय, तरी ट्रिटियम सुटलेलं नाही. तुमच्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही प्रत्येक कपाट उघडून दाखवताय असं कळलं. त्या फेरीत माझ्या दोन विद्यार्थिनींनाही बरोबर घ्या, एवढी विनंती आहे.

मॅडम, मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी