पोकलेन फिरवण्याआधी नदीचा काठ बघून घ्या : पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात कोपरीला राहते, एमएस्सी करतेय. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि मे-जून असे दोन महिने बदलापूरच्या पुढे उल्हास नदीवर फिल्ड इंटर्नशिप केली. पहाटेची कर्जत लोकल, मग रिक्षा, मग वीसेक मिनिटं शेताच्या बांधावरून चालत. आम्ही पाच जण होतो. काम काय, तर उघडा पडलेला काठ पुन्हा हिरवा करायचा. वाळुंजाच्या फांद्या छाटून ओल्या मातीत खुंट्या रोवायच्या, मध्ये मध्ये वाळ्याचे ठोंब, वरच्या अंगाला करंज आणि जांभळाची रोपं, आणि त्याआधी काठावर आधीपासून काय काय जिवंत आहे त्याची मीटर बाय मीटरचा चौकोन टाकून नोंद. जलपर्णी हाताने ओढून काढायची, तीही काठावर टाकून चालत नाही, लांब नेऊन वाळवावी लागते, कारण एखादा तुकडा परत पाण्यात गेला तरी त्यातून नवीन रोप येतं. पहिल्या आठवड्यात हात सोलवटून निघाले पण आम्ही सगळे खूश होतो, खरंच.

आणि मग मे संपता संपता एका सकाळी आम्ही पोचलो तर पावसाळ्याआधी नदीतला गाळ काढायला आणलेला पोकलेन काठावर उभा. आम्ही नोंद केलेल्या पट्ट्यातला साधारण साठ मीटरचा काठ तोपर्यंत खरवडून झाला होता. आमच्या खुंट्या गेल्या, त्याचं मला एवढं नाही वाटत, त्या परत लावता येतात, पण तिथे शेरणीची जुनी झुडपं होती, जी पुराच्या लोंढ्यात वाकतात पण मुळं सोडत नाहीत, एक जुना उंबर होता त्याची अर्धी मुळं उघडी पडली, आणि मातीच्या उभ्या कड्यात वेडा राघूची बिळं होती. वेडा राघू मार्च ते जूनमध्ये अशाच कड्यात बीळ खणून अंडी घालतो. आदल्या आठवड्यात आम्ही सात बिळं मोजली होती आणि त्या दिवशी तिथे कडाच नव्हता, नुसता उतार. पक्षी वर तारेवर बसले होते, मध्येच खाली येऊन परत जात होते. आमच्यातली एक जण तिथेच रडायला लागली.

मशीनवरचा माणूस वाईट नव्हता, त्याने मशीन बंद करून आमचं ऐकून घेतलं. तो म्हणाला, मॅडम मला 31 मेच्या आत एवढा पट्टा साफ करायचाय, झाडं बघू नको की बघ असं कोणी काहीच सांगितलेलं नाही. आणि तिथल्या सुपरवायझरकडून कळलं की बिल निघतं ते काढलेल्या गाळाच्या मापावर. म्हणजे काठाची माती, त्यातली मुळं, झुडपं, सगळं एकाच मापात मोजलं जातं, आणि जेवढं जास्त खरवडलं तेवढं काम जास्त दिसतं.

गाळ काढूच नका असं मी म्हणत नाहीये. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, ती हीच उल्हास. इथल्या लोकांना पुराची भीती काय असते ते माहितीये. पण काढलेला गाळ त्या दिवशी काठावरच ढीग करून ठेवला होता आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराचसा आमच्या डोळ्यांसमोर परत नदीत गेला, वर खरवडलेल्या उताराची माती पण गेली. मुळं होती तेव्हा ती माती जागेवर थांबत होती. मग नदी खोल झाली की उथळ, तुम्हीच सांगा.

सावलीचं पण सांगते. काठाजवळच्या उथळ पाण्याचं तापमान आम्ही रोज दुपारी घ्यायचो, झाडाखाली आणि उघड्यावर साधारण 3 अंशांचा फरक यायचा. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 25 अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशाला साडेसात. स्वच्छ पाण्यात ते चालून जातं, पण उल्हासमध्ये सांडपाणी येतं, ते कुजताना ऑक्सिजन खातं, तिथे अर्धा-पाऊण मिलिग्रॅमसुद्धा माशाला महाग पडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशात नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे आहेत, त्यातले 55 आपल्या राज्यात, सगळ्यात जास्त. सांडपाण्यासाठी प्रकल्प लागतात, पैसा लागतो, वर्षं लागतात. काठ वाचवायला यातलं काहीच लागत नाही, फक्त आधी येऊन बघावं लागतं.

आणि मशीन येतं ती वेळच सगळ्यात चुकीची आहे. वलगण तुम्हाला माहिती असेल, पहिल्या जोराच्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि काठाच्या उथळ गवतात, भातखाचरात जाऊन अंडी सोडतात. म्हणजे मासा येणार जूनमध्ये, आणि त्याचं गवत आपण मे संपता संपता काढून टाकतो. तिथे एक काका आहेत, जन्मभर याच नदीवर मासे धरले त्यांनी. पहिला पाऊस पडल्यावर रात्री ते टॉर्च घेऊन त्या उतारावर उभे होते, मला म्हणाले, पोरी इथं गवतच नाय राहिलं, आता मासा अंडी सोडील कुठं? मला काहीच बोलता आलं नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. नदीत मशीन उतरवण्याआधी, मार्च-एप्रिलमध्येच, तो काठ कोणीतरी चालत बघावा, वनस्पती ओळखणारा एक माणूस आणि त्या गावातला मासे धरणारा एक माणूस सोबत घेऊन, आणि जिथे झाडं, बिळं, गवत आहे तिथे रंगाने खुणा कराव्यात. टेंडरमध्ये लिहा की खूण केलेल्या काठाला हात लावायचा नाही, लावला तर बिलातून कापून घ्या, आणि काढलेला गाळ काठावर टाकायचा नाही. गाळ पात्राच्या मधला काढा ना, पुराचं पाणी तिथूनच जातं.

माणसं कुठून आणायची, तर आम्ही आहोत. आम्हाला दोन महिने फक्त प्रवासखर्च मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही, पण सगळ्यांना घरून ते परवडत नाही, आमच्यातला एक जण म्हणूनच मध्ये सोडून गेला आणि तो सगळ्यात चांगलं काम करायचा. सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधरांना महिना 10 हजार विद्यावेतन आहे. त्यात नदीकाठाचं काम घ्या, आणि काठावरच्या गावातल्या पोरांना पहिलं घ्या, त्यांना नदी आमच्यापेक्षा जास्त कळते.

आमच्याकडे त्या सगळ्या पट्ट्याचे जीपीएस पॉइंट, मशीनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, झाडांची यादी, तापमानाच्या नोंदी असं सगळं नीट लावून ठेवलेलं आहे. पुढच्या वर्षीच्या गाळाचं टेंडर निघण्याआधी ते तुमच्या विभागात कोणाच्या हातात द्यायचं एवढं कळवा, मी स्वतः मंत्रालयात घेऊन येते.

आपली,
उल्हास नदीवर काम केलेली एक विद्यार्थिनी
कोपरी, ठाणे पूर्व