बाबा, सांधे बुजवू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालता ना? दादाला बजावून ठेवलं आहे, तरी विचारते. हे पत्र आईकडून वाचून घ्या.

घरामागच्या सांदवाडीत माती धरून ठेवणारी कड बांधून झाली. 18 फूट लांब आणि जमिनीच्या वर 2 फूट. मिस्त्री लावला नाही. मी आणि शेजारच्या काकांचा पोरगा, दोघांनीच केलं. एकावर एक बसणारे सिमेंटचे ठोकळे यवतमाळहून आणले. एकेक 20-22 किलोचा. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला खाली एक पट्टी असते, ती खालच्या ठोकळ्याच्या पाठीला अडकते. त्यामुळे दर रद्दा, म्हणजे ठोकळ्यांचा थर, पाऊण इंच मागे जातो आणि भिंत मातीला रेलून उभी राहते. सिमेंटचा मसाला लागतच नाही.

गेल्या श्रावणात तुमची दगडी कड पोट काढून पडली आणि आई त्याच चिखलात घसरली. तेव्हापासून तुम्ही स्वतःला बोल लावता. बाबा, तुमचा हात कच्चा नव्हता. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी प्याली की फुगते. सांधे सिमेंटनं पक्के भरलेले, मग मागचं पाणी जाणार कुठून? त्या रेट्यापुढे कोणाचीही भिंत गेली असती.

म्हणून या वेळी सगळी मेहनत पाण्याच्या वाटेवर घेतली. भिंतीमागे फूटभर रुंदीत काळी माती टाकलीच नाही, गिट्टी भरली. मातीचे बारीक कण गिट्टीत उतरून ती बुजू नये म्हणून मध्ये पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइलचं कापड लावलं. तळाशी भोकं पाडलेला 4 इंची पाइप, नाल्याकडे उतार देऊन.

खरा वेळ खाल्ला तो पहिल्या रद्द्यानं. फूटभर खोल चर खणला, त्यात 6 इंच मुरूम घालून धुमसला आणि त्यावर पहिला रद्दा, तोही पूर्ण जमिनीत. पहिले सहा ठोकळे मी नजरेच्या अंदाजानं बसवले. तिसऱ्या रद्द्याला दोन ठोकळ्यांच्या मध्ये वर फट दिसली, आगकाडी आत जाईल एवढी. खाली बारीक, वर रुंद. तुम्ही म्हणायचे तेच, पाया चुकला की वर काही सुधरत नाही. सगळं उतरवलं. मग दोरी ताणली, लेव्हल धरली, लाकडी हातोड्यानं एकेक ठोकळा ठोकत बसवला. सांधमोड मात्र कुठे चुकू दिली नाही, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही; टोकांना अर्धे ठोकळे छिन्नीनं तोडून घातले.

परवा रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. मी बॅटरी घेऊन पाइपच्या तोंडाशी जाऊन बसले. आधी थेंब थेंब, मग गढूळ धार, आणि अर्ध्या तासानं तीच धार स्वच्छ झाली. भिंतीवर हात फिरवला तर ठोकळ्यांच्या सांध्यांतूनही ओल पाझरत होती.

बाबा, इथे परत आल्यावर ती ओल पाहून तुम्हाला सांधे भरावेसे वाटतील. सिमेंटचं घमेलं काढू नका, गिलावाही नको. उंची वाढवायची झाली तर आधी मला सांगा. 3 फुटांच्या वर जायचं तर मागे मातीत जाळी अंथरावी लागते, त्यासाठी इंजिनिअरलाच विचारू. आणि बैलबंडी कडेच्या डोक्याशी उभी करायची नाही, कोठ्यापाशीच ठेवा. आई, पाइपच्या तोंडाशी पालापाचोळा साचला तर तेवढा काढत जा.

कढीलिंबाला आणि सांभाराच्या वाफ्याला धक्का लागलेला नाही.

वरच्या टोप्या, म्हणजे माथ्यावरचे झाकणाचे ठोकळे, तेवढ्या बसवायच्या राहिल्या आहेत, मुद्दामच ठेवल्या. तुम्ही पोळ्याला याल तेव्हा लावू. वाकायचं, उचलायचं काही नाही, तुम्ही फक्त दोरी धरा.

तुमची,
धाकटी