मागायची वेळ आणू नका

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुमच्या मदत गटाने तयार केलेला फॉर्म वाचला. घरात माणसं किती, आधीचं उत्पन्न, आताचं उत्पन्न, नोकरी गेल्याचं पत्र, घरभाड्याची पावती, आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" असं लिहून सही. एवढं सगळं मदतीच्या एका पिशवीसाठी! कारखाना बंद पडल्यावर तुम्ही पोरं गप्प बसला नाहीत, याचं मला कौतुक आहेच. पण पुढे लिहितोस, सामान पडून आहे, पैसेही जमलेत, घ्यायला मात्र फारसं कुणी येत नाही, म्हणजे "गरज वाटते तेवढी नसावी". गरज आहे रे. तुमच्या टेबलासमोर येऊन उभं राहायची तिची तयारी नाही, इतकंच.

अशा टेबलामागे मी बसलेली आहे, म्हणून सांगते. कालपरवापर्यंत जो दुसऱ्याला उसने पैसे देत होता, तो माणूस पहिल्यांदा सरळ समोरून निघून जातो. थोड्या वेळाने परत येतो तेव्हा फोन कानाला लावलेला असतो, पलीकडे बोलणारं कुणी नसतं. टेबलावर काय काय आहे ते तो तिरक्या नजरेने बघून घेतो. ओळखीचं कुणी नाही अशी खात्री झाली की विचारतो, "आमच्या शेजारी एक जण आहेत, त्यांच्यासाठी मिळेल का?" यावर "त्यांनाच पाठवा ना" म्हणणारा स्वयंसेवक कितीही भला असला तरी त्याला टेबलावरून उठवून सामान मोजायला बसवावं. पिशवी द्यावी, शेजाऱ्यांना नमस्कार सांगा म्हणावं आणि पुढच्या माणसाकडे वळावं.

तुमच्यासारखंच एक गाव होतं, ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ. मारियनथाल. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगायचं आणि 1929-30 मध्ये ती गिरणी बंद झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल हे तरुण संशोधक तिथे पोचले, गावकऱ्यांमध्ये वावरले आणि बेकारी माणसाचं काय करते ते त्यांनी 1933 साली छापलं. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं, तेही फी माफ केलेली असताना. पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले, वाटेत पुन्हापुन्हा थांबायला लागले. हे वाचल्यापासून "रिकामे बसलेत, मग येऊन मदत का नाही करत?" हे वाक्य मी कुणाबद्दल उच्चारलेलं नाही. हातातलं काम गेलं की माणसाची दिवसावरची पकडच जाते.

त्या संशोधकांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. गावासाठी शहरातून जुने कपडे गोळा केले, पण वाटायच्या आधी घरोघर जाऊन कुणाला नेमकं काय हवंय ते विचारलं. तुम्ही उलटं केलंत. आधी सामान आणलंत, मग ज्याला हवं त्याने यावं अशी पाटी लावलीत.

मारियनथालचंच आणखी एक. बेकार भत्ता घेणाऱ्याने फुटकळ कमाई केली तरी भत्ता बंद व्हायचा. हार्मोनिका वाजवून चार पैसे मिळवणाऱ्या एकाचा भत्ता असाच गेला. मग काय झालं असेल? लोक एकमेकांच्या चहाड्या करायला लागले. तक्रारींचा आकडा भराभर वाढला, खऱ्या निघणाऱ्या मात्र पूर्वीइतक्याच राहिल्या. संकट आलं की माणसं आपोआप जवळ येतात, हे भाषणात ऐकायला बरं वाटतं. ती जवळ येतात की एकमेकांवर डोळा ठेवतात, हे बरंचसं नियम कसे केलेत त्यावर ठरतं. त्यामुळे "खोटे गरजू घुसतील" म्हणून तुझ्या मित्राला झोप लागत नसेल, तर त्याला सांग, दोन-चार घुसतीलच. घुसू देत. त्यांना अडवायला म्हणून जी चाळणी तुम्ही लावाल, तिच्यात अडकेल तो भिडस्त माणूस. निर्ढावलेला सगळी कागदपत्रं घेऊन सगळ्यात आधी हजर असतो.

2021 च्या एप्रिलमध्ये फिलिपिन्समधल्या केसोन सिटीत आना पॅट्रिशिया नॉन नावाच्या तरुण मुलीने रस्त्याच्या कडेला एक बांबूची गाडी लावली. पाटी एवढीच, की ऐपतीप्रमाणे द्या आणि गरजेप्रमाणे घ्या. ना नाव, ना सही, ना रांगेत उभ्या माणसाचा फोटो. बघताबघता देशभर तशा शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. मला त्यात आवडलं ते हे, की ठेवणारा आणि उचलणारा एकाच गाडीपाशी येतो. लांबून बघणाऱ्याला कळत नाही कोण कशासाठी आलाय. फोटोवरून आठवलं, देणगीदाराला दाखवायला म्हणून पिशवी घेणाऱ्यांचे फोटो काढायचं तुमच्या गटात कुणाच्या डोक्यात असेल तर ते आजच काढून टाका. या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही.

पैशाची गोष्ट वेगळी. कुणाचं थकलेलं भाडं भरायचं तर थोडी चौकशी हवीच. पण ती कागदाने करू नका, माणसाने करा, आणि माणूस त्याच गल्लीतला असू दे. पैसे शक्य तिथे परस्पर घरमालकाला द्या. रक्कम छोटी चालते, वेळ चुकलेली चालत नाही. फोनचं रिचार्ज संपलं की मुलाखतीचा निरोप पोचत नाही. पोचला तर जायला भाडं नसतं. चष्मा फुटला की शिवणकाम बंद. एक हप्ता चुकला की दंड, दंड चुकवायला दुसरं कर्ज, ते पहिल्याहून महाग. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कामाची हत्यारं विकायला निघणं. ज्याने वेल्डिंगचं मशीन किंवा माल वाहायची गाडी विकली, त्याला उद्या बाजार सुधारला तरी उभं राहता येत नाही. कुणी मशीन विकायला काढल्याचं कानावर आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिथे जा.

कानावर येतं कुणाच्या, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या नक्कीच नाही. तुम्ही सगळे नोकरीवाले, संध्याकाळी उगवणारे. तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस, की त्याच कारखान्यातून कमी केलेल्या दोघी जणी गल्लीतली पोरं दिवसभर सांभाळतात, म्हणजे आयांना काम शोधायला बाहेर पडता येतं. तू ते जाताजाता लिहिलंस आणि मी तिथेच थांबले. तुमचा गट व्हायच्या आधीपासून तिथे एक गट चालू आहे, फक्त त्याला नाव नाही आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुप नाही. कुठल्या घरात दिवा लवकर मालवतात, कोण पोरांना खेळायला पाठवताना जेवायच्या वेळेचा अंदाज धरतं, कुणाचा नवरा सकाळी कामावर जातो असं सांगून बागेत बसून येतो, हे त्या दोघींना न विचारता ठाऊक असणार.

अमेरिकेत फिनिक्स शहरात 1967 साली पहिली म्हणतात ती अन्नपेढी सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या जॉन व्हॅन हेंगेल यांना कल्पना कुणा तज्ज्ञाने दिली नव्हती. दुकानांनी टाकून दिलेलं अन्न गोळा करून मुलांना जगवणाऱ्या एका बाईने त्यांना सांगितलं, की चांगलं अन्न वाया जातंय, बँकेत पैसे ठेवतात तसं ते ठेवता आणि काढता येईल अशी जागा हवी. शिल्लक कुठे पडलीय आणि तुटवडा कुठे आहे, दोन्ही तिला माहीत होतं, कारण रोज तिला त्या दोन्हींच्या मधून वाट काढावी लागत होती. म्हणून म्हणते, त्या दोघींना बैठकीला "लाभार्थी प्रतिनिधी" म्हणून कोपऱ्यात बसवू नका. पैसे कुठे जायचे हे त्यांनी ठरवावं आणि तुम्ही पैसे आणावेत. पोरं सांभाळण्याबद्दल गटाच्या पैशातून त्यांना मेहनताना दिलात तर आणखी बरं. त्यांचं घर चालेल आणि कुणाचे उपकार घेतले असंही व्हायचं नाही.

जर्मनीतल्या फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझनला हे कळायला बरीच वर्षं लागली. 1846-47 च्या हिवाळ्यात पीक बुडालं तेव्हा तो वायरबुश या छोट्या गावाचा प्रमुख होता. त्याने ऐपतदारांकडून पैसे उभे केले, पीठ आणलं, सामाईक भट्टी बांधली आणि ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांना भाकरी उधारीवर दिली. गाव तगलं. पुढे दुसऱ्या गावांतही त्याने श्रीमंतांच्या मदतीवर संस्था काढल्या, आणि दरवेळी तेच व्हायचं. संकट ताजं आहे तोवर पैसा येतो, मग देणाऱ्यांचा उत्साह ओसरतो. हेडेसडॉर्फमध्ये त्याने 1854 साली धर्मादाय मंडळ काढलं होतं. दहा वर्षांनी, 1864 मध्ये, त्याच्या जागी कर्जपेढी आली. जे घेणारे तेच सभासद, एकमेकांना जामीन तेच आणि कर्ज कुणाला द्यायचं ते ठरवणारेही तेच. जगभरातल्या गावपतपेढ्यांचा वंश इथे जाऊन पोचतो. तुम्ही लगेच पतपेढी काढा असं मी म्हणत नाही, तो नसता व्याप होईल. पण तिसऱ्या महिन्यात देणग्या आटतील हे आत्ताच धरून चला, आणि दरमहा थोडंथोडं देणारे शोधा. एकदाच मोठी रक्कम देऊन पाठ फिरवणाऱ्यापेक्षा दर महिन्याला किरकोळ देणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता तुला आवडणार नाही ते. शेजारपाजार कशाला पुरतो? एकाच्या घरी आजारपण आलं, एकाची नोकरी गेली, तर बाकीची नव्वद घरं त्याला उचलून धरतात. पण नव्वदही घरांचा पगार एकाच दरवाज्यातून येत असेल आणि तो दरवाजाच बंद झाला, तर कोण कुणाला उचलणार? भिशीत सगळेच एका महिन्यात पैसे मागायला लागल्यासारखं होतं ते. तुमच्या भागाचं नेमकं हेच झालंय. म्हणून पैसा बाहेरून यायला हवा. दुसऱ्या वस्त्या, दुसऱ्या धंद्यातली माणसं, सरकार. ज्यांना भरपाई, थकलेला पगार, भत्ता, पेन्शन असं काही हक्काचं मिळायचंय त्यांचे अर्ज भरून द्यायला एक माणूस बसवलात, तर त्यातून जे येईल ते तुमच्या सगळ्या पिशव्यांहून जास्त असेल. फॉर्म भरायची हौस तिथे भागवा.

वाढायची घाईही करू नका. अर्जेंटिनात 1995 साली ब्वेनोस आइरेसजवळच्या बर्नालमध्ये वीसेक शेजाऱ्यांनी वस्तू आणि कामाच्या अदलाबदलीचा क्लब काढला. देवघेवीसाठी पुढे स्वतःची कुपनंही निघाली. तू माझा नळ दुरुस्त कर, मी दुसऱ्या कुणाचे तरी कपडे शिवते. 2001 च्या अखेरीस बँकांतले पैसे गोठले आणि अशा क्लबांमध्ये लोकांचा लोंढा आला. ओळख उरली नाही, खोटी कुपनं छापली गेली, आहेत त्या कुपनांना किंमत राहिली नाही आणि वर्षभरात बहुतेक डोलारा कोसळला. आठ गल्ल्यांनी "आमच्याकडेही या" म्हटलं, तर त्यांना त्यांचा स्वतःचा गट काढायला शिकवा.

हिशेब मात्र चोख. जमा किती, खर्च किती, दर आठवड्याला भिंतीवर लावा. खर्च कशावर झाला ते लिहा, कुणावर झाला ते नाही. नावांची वही फक्त दोघांकडे राहील आणि त्यातली एक त्या दोघींपैकी असेल.

तूही दमशील. टेबलावरची माणसं आळीपाळीने बदला. कुणी अंगावर ओरडलं तर मनाला लावून घेऊ नकोस. घेताना रागावणारा माणूस बऱ्याचदा तुझ्यावर रागावलेला नसतो. आणि कुणी आभार मानले नाहीत याची गाऱ्हाणी मला फोनवर सांगायची नाहीत.

बैठक रविवारी आहे म्हणालास. त्याच्या आत त्या दोघींकडे जाऊन ये, एकटाच जा आणि पोरं घरी नेऊन सोडल्यावर जा, म्हणजे त्यांना निवांत बोलता येईल. काय म्हणाल्या ते कळव.

तुझी,
आई